अण्णांनी संग्रहालयात मारलेल्या गाठी

आमच्या घराण्याचं एक काम सोलापुरातल्या एका कलासंग्रहालयात लागलेलं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पण ते काम माझं नाही.

आई जाऊन तीन महिने झाले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, भवानी पेठेतल्या घरात कॉटवर बसून भिंतीकडे बघायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. (आधीही ते फार बोलके होते अशातला भाग नाही. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस, आपलं कुणाला ऐकू जाणार नाही हे धरूनच चालतो.) पण हे गप्प बसणं वेगळं होतं. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

"त्यांना कुठंतरी बाहेर घेऊन जावा की," बायको म्हणाली. "चार माणसं दिसली की बोलतील."

शहाण्या मुलानं वडिलांना सरळ बागेत नेलं असतं. मी बाग नंतरसाठी ठेवली आणि आधी तिच्याशेजारच्या संग्रहालयात शिरलो, कारण तिथला कारभार बघणाऱ्या मॅडमना मला माझी जलरंगातली चित्रं मोबाइलवर दाखवायची होती. मुलाचं कर्तव्य आणि कलावंताची सोय, एकाच रिक्षात!

पहिल्याच दालनात अण्णांना एका भल्यामोठ्या चित्रापुढं उभं करून मी रंगसंगतीवर दहा मिनिटं बोललो.

"कसं वाटलं?"

"पाय दुखायलेत."

दोन शब्द! मी हुरळून गेलो. त्यांना "जरा बघत बसा" म्हणून सोडलं आणि मॅडमकडं गेलो. मॅडम वैतागलेल्या होत्या.

"लोक वस्तूंना हात लावतात हो, सर. किती पाट्या लावायच्या?"

"मला तर अशा लोकांची कीव येते," मी मोबाइल पुढं करत म्हणालो. "घरातून संस्कारच नाहीत, मॅडम!"

एवढ्यात आतून रखवालदाराची आरोळी आली. "मॅडम, पळा! ह्ये म्हातारं चादरीवर थुंकायलंय!"

आम्ही धावलो. जुन्या हातमागावरची एक चादर लाकडी ओट्यावर पसरून ठेवली होती. तिच्या टोकाला अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते. चादरीच्या दशा, म्हणजे कडेचे मोकळे दोरे, सुटून लोंबत होते, आणि अण्णा बोटाला थुंकी लावून, दोरे पिळून, एकेक गाठ मारत होते. अर्धी कड झालीसुद्धा होती! आमच्या घरी मागावरून चादर उतरली की दशांना गाठी मारायचं काम आईचं. भिंतीला टेकून, बोट जिभेला लावून, ती दुपारभर तेच करायची. अण्णांना त्या सुटलेल्या दशा बघवल्या नसणार.

"आजोबा, उठा! हितं हात लावायचा न्हाय, पाटी दिसत न्हाय व्हय?"

"अर्धवट सोडून कसं उठू?"

"कुनासंगं आलाव तुमी?"

अण्णांनी मान वर करून माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्ये की. माझं पोरगं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मोबाइलवर माझा जलरंगातला सूर्योदय अजून उघडाच होता. आणि मी, वय वर्षं एकावन्न, म्हणालो, "मी? छे हो! यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग शांतपणे रखवालदाराला म्हणाले, "व्हय, चुकलं माझं. डोळं अधू झाल्यात. माझं पोरगं दिसायला बरं हाय."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ते हेच. पण धरणीला माझ्यासाठी वेळ नव्हता. रखवालदार अण्णांना हरवलेला म्हातारा समजला! त्यानं खुर्ची आणली, पाणी दिलं, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला.

"घरी कोन कोन हाय, आजोबा?"

"मालकीन गेली," अण्णा म्हणाले. आणि बोलायलाच लागले.

"लई बारीक गाठ मारायची. डोळं झाकून. मी म्हनायचो, कोन बघतंय त्या गाठी? ती म्हनायची, पांघरनारा न्हाय, पन मी बघते की."

"माझी आई कुंभारीला विड्या वळती," रखवालदार म्हणाला. "तिची बोटं बी अशीच चालत्यात."

अर्धा तास दोघं बोलत होते. मी खांबाआड उभा राहून ऐकत होतो. ज्यासाठी अण्णांना घराबाहेर काढलं ते माझ्यासमोर घडत होतं, आणि मला त्यात जागा नव्हती. रडू आलं. (मूर्ती बघतोय असं दाखवून रडलो.)

तोवर मॅडम वाकून गाठी तपासत होत्या. "दुसऱ्या टोकाच्या जुन्या गाठींशी तंतोतंत जुळतात! आजोबा, उरलेल्या पण माराल? थुंकी मात्र नको. वाटीत पाणी देते."

"पान्यानं तसा पीळ बसत न्हाय," अण्णांनी बजावलं, पण बसले. माझ्या सूर्योदयाबद्दल मॅडम म्हणाल्या, "नंतर बघू, सर. तुम्ही एक करता का? यांना घरी सोडाल?"

"सोडतो की," मी मोठ्या मनानं म्हणालो.

बाहेर येऊन बागेतल्या बाकावर बसलो. "अण्णा, चुकलो मी." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "अण्णा, लई मोठी चूक झाली." अण्णा कारंज्याकडं बघत होते. कारंजंही बंद होतं.

थोड्या वेळानं जेवणाचा डबा घेऊन रखवालदार आला आणि अण्णांच्या शेजारी टेकला.

"काय आजोबा, घरचं कुनी आलं का न्ह्यायला?"

"न्हाय. ह्ये गृहस्थ हायत की. सोडतो म्हनल्यात."

"जपून न्या बरं का, सायेब. रस्ता वलांडताना हात धरा त्यांचा."

मी उठून हात पुढं केला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, काठी टेकली आणि आपले आपण उठले.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमाला कशाला तरास!"

एकावन्न वर्षांत वडिलांनी मला दिलेला हा पहिला मान, आणि तो मी स्वतःच्या हिमतीवर कमावलेला होता.