न बांधलेला पाय

स्पिरिटचा वास आला की लोकांची मुद्रा गंभीर होते; माझी प्रसन्न होते. हसू नका! त्या थंड, झोंबऱ्या, नाकातून थेट कपाळात शिरणाऱ्या गंधाबरोबर माझ्या मनात आसेगावची एक हिवाळी सकाळ उजाडते. वेचणीला आलेली शुभ्र कपाशी, धुक्यातून हळूहळू उमटणारी तुरीची पिवळी फुलं, आणि ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेली माझी भाची कुसुम.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. कुसुम असेल पाचेक वर्षांची. टाचेत बाभळीचा काटा मोडला, आतच राहिला आणि टाच पिकली. पोटिसं झाली, बिब्बा झाला. सूज मात्र घोट्याकडे चढतच राहिली, अंगात ताप भरला. मंगरूळच्या दवाखान्यात नेऊन चिरा दिला नाही, तर पाय गमवावा लागेल हे सगळ्यांना कळत होतं. पण दवाखान्याचं नाव काढलं की ती जी किंचाळायची! शेवटी तिच्या बापाने, म्हणजे माझ्या दादाने, तोडगा काढला. "बजाराले चाल्लो म्हनून सांगू. तिथं दोघं जन धरतीन तिले."

मुलाला फसवून त्याचं भलं करण्याची ही आपली केवढी जुनी, केवढी प्रेमळ खोड! पण बाजाराच्या नावाने फसवलेलं लेकरू पुढे खऱ्या बाजाराला तरी निर्धास्त निघेल का? मी मुळातच हट्टी. दादाला बजावलं, "खरं सांगून नेईन. अन् मीच नेईन."

मग तिच्याजवळ बसले आणि घरात कोणीच न विचारलेलं विचारलं. "काहून भेऊन राह्यली गं?"

ती परकराची किनार चघळत राहिली. मग म्हणाली, "मले पाडतीन. ढवळ्यासारखं."

अगं बाई, तर हे होतं! थोड्याच दिवसांपूर्वी आमच्याकडे नालबंद आला होता. नाल ठोकायला ढवळ्या बैलाला दोर टाकून भुईवर पाडलं होतं, चारी पाय आवळून बांधले होते, आणि त्याचे ते फिरलेले डोळे कुसुमने अगदी जवळून पाहिले होते. चाकू तिच्या खिजगणतीतही नव्हता. तिला भय होतं बांधलं जाण्याचं. आपण मोठी माणसं मुलांची समजूत घालायला उतावीळ असतो. पण ती भीती नेमकी कशाची, हे वाकून बघायला आपली कंबर का दुखते, कोण जाणे.

"कोनी बांधनार नाही," मी म्हटलं. "पन दुखीन. खोटं कायले सांगू? तू बोंबल पाहिजे तेवढी. माहा हात धर, दाब. फक्त पाय हालवू नको."

मग आम्ही ओट्यावरच दवाखाना मांडला. मी रोगी, ती डॉक्टर, तुराटीची काडी हा चाकू. मी असा गळा काढला की शेजारीण घाबरून धावत आली. कुसुम हसली. ती आजारी पडल्यापासून घरातलं ते पहिलं हसू होतं.

दुसऱ्या दिवशी दमणी, आमची छोटी बैलगाडी, जुंपून मंगरूळ गाठलं. आत उकळून काढलेली हत्यारं, तोच झोंबरा वास, आणि कापडी पट्टे घेऊन सज्ज उभा असलेला कंपाउंडर! "बाई, लेकरू हाललं तं चाकू वाकडा जाईन. बांधाच लागते."

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, नुसतं पाहिलं. मी तिच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये उभी राहिले. "डॉक्टरसाहेब, म्या शब्द देल्ला हाये तिले."

डॉक्टर वयस्क, मितभाषी. त्यांनी वाकून तिलाच विचारलं, "पाय हलवणार नाहीस ना?"

"नाई. पन बोंबलीन."

"खुशाल बोंबल!"

आणि बोंबलली हो! बाहेर झाडाखाली चारा खाणारे बैल बिचकले. पण एवढ्या आकांतात तो चिमुकला पाय टेबलावर जिथल्या तिथे राहिला, मोकळा. पू वाहून गेला, काट्याचं काळं टोक बाहेर आलं. कंपाउंडरने पट्टे गुंडाळले आणि माझ्या मनगटालाही स्पिरिट लावलं. तिची नखं रुतून तिथे रक्त आलं होतं.

परतताना उन्हं कलली होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून कुसुम मनगटावरच्या त्या खुणांवरून बोट फिरवत होती. "आत्या, तुले दुखलं का?"

"नाही गं" हे शब्द किती सहज ओठांवर आले! मायेला खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण ती माझ्याकडे मघासारखीच पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "लय दुखलं."

तिने समजल्यासारखी मान हलवली, मनगटावर हळूच फुंकर घातली आणि बघता बघता झोपली. दमणीत स्पिरिटचा वास भरून राहिला होता, तिच्या टाचेचा आणि माझ्या मनगटाचा.