कुंकवाचं बोट

काल भाच्याच्या नव्या दुकानाचे कागद आईने पाटावर ठेवले आणि पहिल्या पानाला ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. त्या वासासरशी मी गंगाखेडच्या टेलिफोन बूथमध्ये बाबांशेजारी जाऊन उभी राहिले.

विक्रीकराचे कागद द्यायचा तो शेवटचा दिवस होता. बाबांचं कापडाचं दुकान त्यांवरच अडकलेलं. परभणीला जाऊन उपयोग नव्हता, ऑफिस बंद व्हायला आलं होतं, म्हणून फॅक्स. तापलेल्या कागदाचा वास कोंडला होता आणि मशीन एकेक पान कण्हत गिळत होतं. मग तिकडून फोन आला.

"काका, पहिल्या पानावर काळा डाग उमटलाय म्हणायलेत," बूथवाला म्हणाला. "नंबरच दिसंना."

बाबांनी पान पाहिलं. निघताना आईने लावलेलं कुंकू नेमकं नोंदणी नंबरावर बसलं होतं. रुमालाने पुसायला गेले, तर ते आणखीच पसरलं. दुसऱ्या कागदावर सगळं उतरवून लावलं, तोवर तिकडचं मशीन बंद झालं होतं.

घरी आलो तर आई दारातच होती. "पोहचले का हो?"

"पोहचले," म्हणून बाबा हात धुवायला मागे गेले. लय वेळ धूत राहिले.

तेव्हा मला तो त्यांचा भित्रेपणा वाटला. आता तसं म्हणवत नाही.

पुढे परवाना रद्द झाला, दुकानाला कुलूप लागलं. ते लवकर उघडावं म्हणून आईने कुलपालाही कुंकू लावलं. ताट बाबांनी धरलं होतं.