शेंगदाण्याचं वावडं

सुनेचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आम्ही यायच्या आधी घरातले शेंगदाणे बाहेर काढा. कूट, चटणी, तेलाचा डबासुद्धा. तुमच्या नातीला ॲलर्जी आहे." मला वाटलं, ही नवीन सबब दिसते. माझी सगळी नोकरी पारनेर तालुक्यात मास्तरकीत गेली. आमच्याकडे कुटाशिवाय कालवण होत नाही. शेंगदाण्याने कुणाला काही झालेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. सून पुण्यात वाढलेली, नोकरीला बंगळुरात. आमचं गावरान जेवण हिला नको असेल, म्हणून पोरीला पुढे करते, अशी माझी पक्की समजूत झाली.

बायकोने मात्र निमूट डबे शेजारी नेऊन ठेवले, पाटा-वरवंटा घासून घेतला. मी चिडलो, तर म्हणाली, "तिची आई सांगतीय ना? मग बास."

चार वर्षांची नात आली आणि माझा संशय वाढला. पोरगी टुणटुणीत. अंगणभर पळायची, धिरडी मागून मागून खायची. सून मात्र बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचायची, वाटीचा वास घ्यायची आणि एक निळी पिशवी खांद्यावरून काढायची नाही. मी तिच्यावर नजर ठेवून होतो. हे नाटक कुठेतरी उघडं पडेल असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून अंघोळीला गेली. बायको मागे कपडे धूत होती. मी शेजारी गेलो. शेजारीण घरात नव्हती, डबे पडवीतच होते. गुळाचा एक खडा कुटात घोळवला आणि येऊन नातीच्या तोंडात घातला.

"गोड आहे," ती म्हणाली. मनात म्हटलं, बघा.

थोड्या वेळाने ती मान खाजवायला लागली. मग ओठ सुजले. मग ती खोकायला लागली आणि तो खोकला थांबेना. आवाज घोगरा झाला. मी सुनेला हाक मारली, ती ओल्या केसांनीच धावत आली.

"काय खाल्लं हिने?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निळ्या पिशवीतून इंजेक्शन काढलं, भरलं आणि पोरीच्या मांडीत टोचलं. समोरच्या घरातल्यांची गाडी काढून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, सुई वेळेवर दिलीत म्हणून बरं. तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. काय खाल्लं, असं त्यांनीही विचारलं. मी म्हणालो, "शेजारच्या मुलांनी काही दिलं असेल."

एवढं एक वाक्य. पण त्यानंतर बायकोने शेजारणीशी बोलणं तोडलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "माझी पोरं शाळंत हुती वो. देवाशपथ न्हाई दिलं." मी खाली मान घालून वर्तमानपत्र वाचत बसलो.

पंधरा दिवसांनी त्या दोघींना सोडायला मी बंगळुराला निघालो. पुण्याच्या विमानतळावर विमानात चढताच सुनेने हवाई सुंदरीला गाठून पोरीच्या वावड्याचं सांगितलं. ती मुलगी म्हणाली, "आज आम्ही दाण्याची पाकिटं विकणार नाही. आसपासच्या लोकांना विनंतीही करू. पण कुणाच्या पिशवीत काय आहे, ते आम्ही तपासू शकत नाही."

विनंती झाली. मागच्या रांगेत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, मिरजगावकडचे. विमानतळावरच आमची ओळख झाली होती. ते मोठ्याने म्हणाले, "एका लेकरापाई समद्यांनी उपाशी बसायचं व्हय? मला शुगर हाय. मधनंच चक्कर येती. दानं संगंच असत्यात माझ्या. आन हे वावडं-बिवडं आमी कदी ऐकलं न्हाई."

माझेच शब्द. सून मागे वळून शांतपणे म्हणाली, "काका, नुसत्या वासाने फारसं काही होत नाही म्हणतात डॉक्टर. भीती दाणे खाल्लेल्या हातांची आहे. तेच हात सीटला लागतात, आणि ही बोटं तोंडात घालते." तिने त्यांना आपल्याजवळचा फुटाण्यांचा पुडा दिला. त्यांनी तो घेतला, दाण्यांची पिशवी मात्र खिशातच ठेवली.

विमान उडालं. माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. मागे कागद चुरचुरला की मी वळायचो. त्यांचा हात खिशात गेला की मी वळायचो. शेवटी ते वैतागले आणि दाण्यांची गाठ मारलेली पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या मास्तर, तुमीच धरा. आता तरी गप बसा." तरीही मला वाटलं, यांच्याकडे दुसरी पुडी असणार.

तेवढ्यात सुनेने माझ्या हातातली पिशवी पाहिली. तिने नातीला खिडकीकडे सरकवलं आणि मध्ये स्वतः बसली. हवाई सुंदरीला बोलावून पिशवी विमानाच्या मागच्या टोकाला ठेवायला दिली. मला ओला कागद दिला. मी हात पुसले. तिने दुसरा दिला.

मग अगदी हळू विचारलं, "त्या दिवशी तुम्हीच दिलं होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच होतं. हिच्या तोंडाला गुळाचा वास होता." माझ्या हातातले ओले कागद घेत म्हणाली, "मला राग तुम्ही दिल्याचा नाही. मी विचारलं तेव्हा तुम्ही 'काही नाही' म्हणालात, त्याचा आहे. मला खोकल्यावरून ओळखावं लागलं."

बंगळूर येईपर्यंत मी हात मांडीवर उताणे ठेवून बसलो. नात झोपली होती.

गावी परतल्यावर आधी शेजारी गेलो आणि सगळं सांगितलं. शेजारणीने ऐकून घेतलं, चहा मात्र विचारला नाही. मग बायकोला सांगितलं; ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

विमानात शेंगदाण्यांना बंदी असावी का, असं आता कुणी विचारलं तर मी हो म्हणतो. निदान कंपनीने तरी ते विकू नयेत. पण आमच्या घरात बंदी होतीच. ती मीच मोडली, आणि तीही मायेने नव्हे, सुनेला खोटं पाडायला. गावी आल्या की सून अजून नातीला माझ्याजवळ एकटी सोडत नाही. पाणी प्यायलाही उठली तरी तिला कडेवर घेऊन जाते.