आत्याचा खुबा

आमच्या आत्याला बसलेलं पाहिलंय असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या पाटोद्यात मिळाला नसता. विहारात वंदनेला ती मांडी घालायची आणि जेवायला ताटावर बसायची, पण या दोन्ही गोष्टी तिच्या लेखी बसण्यात मोडत नव्हत्या. पहिली श्रद्धेची, दुसरी नाइलाजाची. बाकी सगळं आयुष्य तिनं उभ्यानं काढलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका होती आणि तिच्या वर्गातल्या खुर्चीवर कायम पाण्याची कळशी ठेवलेली असे. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, बाई, बसून घ्या. तिनं कळशी उचलली, खुर्ची पदरानं पुसून साहेबांपुढं सरकवली आणि सांगितलं, "मी बसले की पोरं झोपत्यात." त्यावर साहेबही बसले नाहीत. पाटोद्याहून बीडला यायची तर एसटीत निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी ही दांडीला धरून उभी. बसून गेलं की बीड लांब पडतंय, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या लग्नानंतर ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, आत्या कशावरून तरी रुसल्या आहेत. पाहुणी उभी असताना आपण कसं बसायचं म्हणून बिचारी तीही दिवसभर उभी राहिली. संध्याकाळी तिच्या पायांना सूज आली आणि आत्या गच्चीवरून खाली येऊन म्हणाली, तुझ्या बायकोला बसायची सवय न्हाई, गुणाची हाय.

तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, गेल्यावर तिचं म्हणावं असं रक्ताचं माणूस मीच उरलो होतो, पण बीडला आमच्याकडे येऊन राहा म्हटलं की ती विषय बदलायची. पाटोद्यात तिला शेजारच्या खाला होत्या. दोघींची घरं एका भिंतीची. खाला तिच्याच वयाच्या, आणि त्यांना बसायला मनापासून आवडायचं. एक जण उंबऱ्यावर बसलेली आणि दुसरी समोर उभी, अशा त्यांच्या गप्पा मी लहानपणापासून पाहत आलो.

गेल्या थंडीत आत्या मोरीत पडली. शहाबादी फरशी धुताना पाय सटकला. खुबा फरशीवर आदळला आणि तिला उठता येईना. हाक मारली असती तर खाला भिंतीपलीकडूनच धावत आल्या असत्या. पण आत्यानं हाक मारली नाही. ती तशीच पडून राहिली, नळ चालू, आणि पाणी अंगणातून रस्त्यावर आलं तेव्हा, आज ही एवढं काय धुतीया म्हणून खाला बघायला आल्या. खालांना तिनं पहिलं वाक्य सांगितलं ते नळ बंद करायचं. दुसरं, मी पडले न्हाई, पाय वळलाय.

मी पोचलो तोवर गल्लीतली माणसं गोळा झाली होती. कुणी तेल चोळायला सांगत होतं, कुणी हाड बसवणाऱ्याला आणायला निघालं होतं. खाला दारात आडव्या बसल्या होत्या आणि कुणालाही आत्याच्या पायाला हात लावू देत नव्हत्या. तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं. गावातल्या सरकारी दवाखान्यात फोटो काढला आणि डॉक्टरांनी लगेच बीडला न्यायला सांगितलं. त्या रस्त्यानं आत्या पहिल्यांदाच आडवी होऊन जात होती. प्रत्येक हिसक्याला तिचा चेहरा पांढरा पडायचा, पण तोंडातून आवाज नाही. वाटेत मांजरसुंब्याला ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरनं भीतभीत विचारलं, दोन मिनिटं चहा घेऊ का. मी नाही म्हणणार तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला, "पिऊ दे की त्याला. माझं हाड काय पळून चाललंय?"

बीडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून समजावून सांगितलं. खुब्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा असतो, त्याची मान मोडली होती. या वयात ती जुळून येत नाही. गोळा काढून धातूचा नवा बसवायचा, आणि तोही लवकर. नुसतं पडून राहिलं तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, माणूस पुन्हा उठत नाही. आत्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, उभी कधी राहीन. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टर म्हणाले. मग कशाला थांबलाव, असं म्हणून तिनं अंगठीसुद्धा स्वतःच काढून माझ्या हातात दिली.

कमरेतून भूल दिली होती, त्यामुळे ती जागीच होती. बाहेर आल्यावर तिनं आम्हाला हळू आवाजात सांगितलं की आत दवाखाना नाही, लोहाराचं दुकान आहे. ऑपरेशन चांगलं झालं होतं. नव्या फोटोत तो गोळा चकचकीत दिसत होता. आम्ही निर्धास्त झालो. ही बाई उद्या उभी नाही, पळायला लागेल, असं मी खालांना फोनवर सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन आली. मुलगी शिरूर कासारकडची, बोलायला गोड आणि हातानं भक्कम. तिनं आत्याला खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडायला लावले, उठा म्हणाली. आत्या अर्धी उठली, कळ मस्तकात गेली आणि ती मागं कोसळली. आज नको, म्हणाली. पुढच्या दिवशीही नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी मुलगी दिसताच तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. जेवण कमी झालं. घशात घरघर यायला लागली. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले की आता ऑपरेशनचं काम संपलंय, यांनी उठायचं मनावर घेतलं नाही तर आमच्या हातात फार काही नाही. मी तिला रागावलो, विनवलं, शाळेतल्या पोरांची आठवण करून दिली. खाला एसटीनं आल्या, डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, आणि भाकरी तशीच परत नेताना जिन्यात रडल्या. सबंध आयुष्य उभी राहिलेली माझी आत्या उभं राहायला घाबरते आहे, हे मला कळत होतं. कशाला घाबरते, ते कळत नव्हतं.

ते माझ्या बायकोनं विचारलं. दुपारची वेळ होती, ती आत्याचे केस विंचरत होती. मी खिडकीशी होतो आणि ती मुलगी शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा व्यायाम घेत होती. बायकोनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्या, तुम्हाला कसली भीती वाटते. भिंतीकडंच बघत आत्या म्हणाली, "माझ्या आईचं असंच मोडलं होतं."

आमची आजी लवकर गेली एवढंच मला माहीत होतं. आत्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे. तिकडं कारखान्यावर आजी उसानं भरलेल्या गाडीवरून पडली. तिला गावी आणलं, मांडीला फळ्या बांधल्या आणि खाटेवरून अजिबात हलवायचं नाही असं सांगितलं. पुढच्या हंगामात आजोबा आणि माझे वडील पुन्हा ऊस तोडायला गेले, कारण जावंच लागायचं. आणि आईजवळ कुणीतरी पाहिजे म्हणून दहा-अकरा वर्षांच्या आत्याला मागं ठेवलं. ती गावात राहिली म्हणून शाळेत जाऊ शकली. सकाळी आईचं सगळं करायचं, मग शाळा, मग पुन्हा आई. माझे वडील हंगामामागून हंगाम उसात राहिले आणि कधी पाचवीच्या पुढं गेले नाहीत. आजी त्या खाटेवरून शेवटपर्यंत उठली नाही.

"एक दिस ती मला म्हनली," आत्या म्हणाली, "पोरी, मला भिताडाला धरून उभी कर. लई विनवलं तिनं. म्या न्हाई केलं. हलवू नको म्हनून सांगितलं होतं मला." तिनं चादरीचं टोक ओढून सरळ केलं. "केलं असतं तर चालली बी असती ती. तिला न्हाई केलं उभं, आन आता म्या ऱ्हाऊ व्हय?"

बायकोचा कंगवा तसाच केसांत थांबला. शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीनं हे ऐकलं होतं. ती आली आणि आत्याच्या पायाशी उभी राहून अगदी साधेपणानं म्हणाली, "नसत्या चालल्या तुमच्या आई. आत हाड तुटलेलं होतं. तुम्ही उभं केलं असतं तर त्या पडल्या असत्या आणि दुखणं वाढलं असतं. तुम्ही नाही केलं तेच बरोबर केलं."

आत्यानं मान वळवली. "नक्की?"

"नक्की. तेव्हा हा गोळा बसवायची सोय नव्हती आपल्याकडं. तुमच्यात आता आहे, म्हणून तर मी रोज मागं लागते."

आत्या तिच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही, आणि रडल्याचा आवाजही नव्हता. साठ-पासष्ट वर्षं ती कुणाच्या समोर काय घेऊन उभी होती, याचा मला त्या क्षणी थोडासा अंदाज आला. मग तिनं नाक ओढलं आणि वॉकरकडं बोट दाखवून म्हणाली, "आन तुझं ते घोडं."

त्या दिवशी ती खाटेच्या दांडीपर्यंत गेली. घामानं चिंब झाली आणि वाटेत त्या मुलीला, पाठीत वाकून चालू नकोस, म्हणून बजावून झालं. पुढं ती आमच्याकडं राहिली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी आणि बसायचं तर उंच खुर्चीतच, असे नियम होते. नोकरीत घेतली न्हाई ती खुर्ची आता पेन्शनीत मिळाली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. व्यायाम करताना बायकोला समोर उभी करून तिच्याकडूनही करून घ्यायची. वॉकर जाऊन काठी आली. उन्हाळ्याच्या तोंडाला ती हट्टानं पाटोद्याला परतली. विहारात तिच्यासाठी खुर्ची ठेवली, तर बुद्धमूर्तीपेक्षा आपण उंच दिसतो म्हणून तिनं ती पार मागं, दारापाशी नेऊन ठेवायला लावली. चाल मात्र पहिल्यासारखी राहिली नाही. उजवा पाय जरा मागं रेंगाळतो. बोलता बोलता ती मध्येच गप्प होते, हे खालांच्याही लक्षात आलंय.

मागच्या महिन्यात तिनं मला फोन करून शिरूर कासारकडच्या आमच्या जुन्या गावी नेशील का म्हणून विचारलं. गावात आता आमचं कुणी नाही. घर तर माझ्या जन्माआधीच पडलं. त्या जागेवर दगडाचं एक जोतं आणि दोन बाभळी आहेत. आत्या काठी टेकत जोत्यापर्यंत गेली. इथं चूल होती, इथं खाट, असं तिनं काठीनं दाखवलं. ऊन कलत होतं. जवळच्या घरातून एक तरुण बाई बाहेर आली. कडेवर लेकरू, हातात घागर. ही म्हातारी कोण म्हणून ती जरा थबकली, हसली आणि पाण्याला गेली. आत्या तिच्या पाठीकडं बघत होती.

"आई पडली तव्हा किती वयाची असंल रे?"

मी मनाशी जुळवून पाहिलं. म्हटलं, तुझ्याआधी बाबा, म्हणजे असेल तिशीच्या आतबाहेर.

"म्या तिला म्हातारीच समजत आले," आत्या म्हणाली. ती बाई वळणापलीकडं दिसेनाशी झाली होती, तरी ती तिकडंच बघत होती. "लेकरूच होती की ती."