नुसती वॉर्निंग

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात संगणकावर बसणारा तो माणूस पडद्यावरची प्रत्येक वॉर्निंग बोट ठेवून मोठ्यांदा वाचायचा. आम्ही हसायचो.

"सायेब, स्क्रिप्टमधी फाइलला आन् पाइपला, म्हंजी पुढच्या प्रोग्रामाकडं नोंदी नेणाऱ्या वाटेला, एकच नाव पडलंय. भट्टीच्या नोंदी फाइलीत जातील का पुढच्या प्रोग्रामात, सांगता येत न्हाई."

स्क्रिप्ट, म्हणजे नोंदी साठवणारा तो छोटा प्रोग्राम, मीच लिहिली होती. "अरं, नुसती वॉर्निंग हाय. चालव गड्या."

त्यानं चालवली. दिवसभराच्या नोंदी कायमच्या गेल्या. मालकांनी विचारलं, "कुणी चालवली?"

"मी," तो म्हणाला. ते खरंच होतं. चालवायला कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. त्याला कामावरून काढलं.

आता वॉर्निंग आली की मी बोट ठेवून मोठ्यांदा वाचतो. हसत कुणीच नाही.