सुकेळ्यांची वजावट

माझ्या बायकोचा आगाशीचा मावसभाऊ लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देतो. माहेरचा माणूस म्हटल्यावर आमच्या घरात कागद वाचण्याची पद्धत नाही; आधी त्याला ताट वाढायचं आणि मग तो बोट ठेवील तिथे सही करायची. बायकोच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली रक्कम त्याने 'केव्हाही काढता येते' असं सांगून एका योजनेत घातली. डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा कळलं की पैसे काही वर्षं निघतच नाहीत, आणि हट्टाने काढले तर अर्धेच हातात येतात. मी भडकलो. बायको म्हणाली, "ओरडू नका, त्याला ठसका लागेल." तो तेव्हा आमच्याकडेच जेवत होता.

ऑपरेशन पुढे ढकललं. पैसे जमवायला बायकोने माहेरच्या वाडीतली राजेळी केळी आणून सुकेळी करायला घेतली. उमेळ्यातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. सोललेली केळी उन्हात घालायला ती कठडा धरून, प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत गच्चीवर जायची. परात उचलायची परवानगी मला होती, केळ्यांना हात लावायची नव्हती. पण सुकेळी अशी खपली की नायगावच्या टॉवरमधल्या बायका आगाऊ पैसे देऊन जाऊ लागल्या.

शेवटी मी त्याच्या कंपनीकडे तक्रार केली. वसईच्या ऑफिसात, पहिल्या मजल्यावर, एका साहेबांपुढे सुनावणी झाली. चूक त्याने लगेच कबूल केली. मग घसा खाकरून म्हणाला, "पण साहेब, पैसे अडकले म्हणूनच ताईचा धंदा उभा राहिला. ती कमाई भरपाईतून वजा व्हायला हवी."

माझं डोकंच फिरलं. "उद्या तू कोणाचं घर जाळलंस आणि तो बिचारा त्या राखेने भांडी घासायला लागला, तर वाचलेल्या साबणाचे पैसे कापशील?"

"भावोजी, मुद्द्याला धरून बोला."

साहेब मात्र खरोखरच विचारात पडले. त्यांनी बायकोला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

बसून बोलली असती तरी चाललं असतं, पण ती टेबलाचा आधार घेऊन उभी राहिली. "कापा की साहेब. भाऊच आहे माझा. फक्त महिनाभर त्याने माझे हे गुडघे घ्यावेत. त्यांच्यावर गच्ची चढून केळी वाळवावीत, आणि होईल ती कमाई खुशाल न्यावी."

साहेबांनी सुकेळ्यांचा एक पैसाही कापला नाही.

बाहेर पडल्यावर मी विजयी मुद्रेने पुढे निघालो. मागे वळून पाहिलं तर जिन्यात तो तिचा हात धरून एकेक पायरी उतरवत होता. इतकी वर्षं आमच्याकडे जेवला, पण तिला जिना उतरताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"ताई, एवढं दुखतं?"

"हो रे," म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून ती रडली.