केरातले हातमोजे

काजीच्या टरफलात तेल असता. बी फोडताना ता बोटांक लागला की कातडा काळा पडता, मगे सोलपाटून निघता. राख लावा, खोबरेल लावा, उपयोग नाय. घोव गेलो तेव्हापासून मी शेटच्या मांगरात, बागेतल्या शेडीत, बियो फोडूक जाऊक लागलंय. मगे सून इली, तीय माझ्या वांगडा येवक लागली. सगळ्या बायलांचे हात तसलेच. आमटी-भात कालवला की बोटांची आग आग होय.

झील एकुलतो. तो वर, मुंबैच्या पलीकडे, अणूची वीज करतत त्या कारखान्यात कामाक होतो. कंत्राटदाराचो माणूस. गावात कोणी इचारला की मी सांगी, वीज करता. एकदा तेनाच हसत सांगल्यान, "आये, वीज करूक शिकलेले आसत. मी केर काढतंय."

आत काम करणारे हातमोजे, पुसूचे फडके, पायात चढवूच्यो पिशव्यो, सगळा एकदा वापरतत आणि टाकतत. ता गोळा करूचा, पिशव्यांत भरूचा, दाबून पिंपात घालूचा, ह्या तेचा काम.

"केर तो केर," मी म्हटलंय. "पगार येता मा?"

"परमनंट झालंय की घर पण देतत," तो म्हणालो. त्या आशेर आमी जगत होतंव.

सुनेचा पयला पोर रवला नव्हता. त्या वर्साच्या शिमग्याक तिका परत दिवस गेले होते, आणि शिमग्याकच झील मोज्यांचा गाठोडा घेवन इलो. जाड रबर, कोपरापर्यंत. सुनेन एक घालून बघल्यान. "ह्ये तर डॉक्टरणीचे!"

मी इचारलंय, "सरकारी ना रे ते?"

"केर तो, आये. केराक कोण इचारता? तुमचे हात बघवत नाय माका."

चैतात आमच्या हातांची आग थांबली. शेजारीण मांगरात चिडवी, "बघा गो, सासू-सुनो मडमो झाल्यो! आता काट्या-चमच्यान जेवतल्यो!"

वैशाखात झील काय न कळवता इलो. तळेऱ्याक हमरस्त्यार उतारलो आणि थयसून मिळालेल्या ट्रकान गाव गाठल्यान. तोंड सुकलेला. पाणीय पिल्यान नाय. "आये, ते मोजे खंय आसत?"

कारखान्यात तपासणीचे लोक इले होते. केर कसो भरतत, खंय ठेवतत, सगळा बघी होते. मोजे दिले किती आणि केरात इले किती, ह्याचो मेळ बसलो नाय. शिमग्याक जे जे घराक गेले, त्यांच्या घरी ते येवचे होते.

"चुलीत घालतंय," मी म्हटलंय.

"नको! जाळू नको!" असो वराडलो की सून भायर इली.

"कित्या जाळूचे नाय?" मी इचारलंय.

तो हळूच म्हणालो, "धूर नको."

सुनेक आत धाडून मी इचारलंय, "ही दोन म्हयने घालता ते. तिच्या पोटाक काय होतला रे?"

"काय होवचा नाय. मी वरवर साफ दिसले तेच उचललंय."

"वरवर?"

"आये, तू तोंड उघडलंस तर माझा काम गेला. तिकाय सांगू नको."

तेना परड्यात केळीच्या मुळाशी खड्डो मारून मोजे पुरल्यान. बाव थयच, बाजूक. तिचाच पाणी आमी पिऊ.

दुसऱ्या दिवसा जीप इली. एक मोठे सायब आणि एक मशीनवालो. मशीन जेवणाच्या डब्याएवढा, तेका वायर, वायरीक दांडी.

"आजी, घाबरू नका," सायब म्हणाले. "मुलानं कामावरची काही वस्तू घरी आणली होती का?"

झील हात जोडून पुढे झालो. "नाही साहेब, काही आणलेलं नाही." तेचा शुद्ध बोलणा ऐकान माका जास्तच भ्या वाटला.

सायबांची नजर माझ्या बोटांर गेली. आग थांबली तरी जुने काळे डाग होतेच. त्यांचा तोंड एकदम उतारला. "हे कशानं झालं?"

शेजारीण कुंपणाच्या वयीकडे उभी होती. "सायबानू, ही काजीची मेंदी! तुमच्या मडमेक धाडा हय, फुकट रंगवून देतंव!"

सगळे हसले. सायबही हसले. मशीनवाल्यान माझ्या हातांर, सुनेच्या हातांर दांडी फिरवल्यान. टक... टक. "इतकं कुठेही वाजतं," तो म्हणालो. ते समाधानान निघाले.

जीपीत बसताना सायबांनी झिलाक सांगल्यानी, "तुला शिकवलंय ना? त्या वस्तूंवर थोडंच लागलेलं असतं. पण ते पाण्यात, अन्नात जाऊ नये म्हणून पिंपात भरून सिमेंटच्या खड्ड्यात ठेवतो. गरोदर बाईला तर त्या भागात पायही ठेवू देत नाही."

"होय साहेब," झील म्हणालो आणि खाली बघल्यान.

सून दारात उभी होती. मोजे कित्या पुरले, तिका कायच ठावक नव्हता. जीप चालू झाली. एका बाजूक झिलाची भाकरी, एका बाजूक तिच्या पोटातला. मी जीपीच्या म्होरे जावन उभी रवलंय.

"सायबानू, थांबा. परड्यात येवा."

"आये!" झिलान हाक मारल्यान. तशी हाक तेना परत कधी मारूक नाय.

मी कुदळ घेतलंय. रबर दिसला तसा मशीनवाल्यान माका मागे केल्यान, आपले मोजे चढवल्यान आणि एकेक भायर काढून दांडी धरल्यान. टक... टक. मगे एका मोज्यार मशीन तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडला.

सुनेन मोजे ओळखल्यान. ती थयच मातीत बसली.

"हा कोण घालायचं?" सायबांनी इचारल्यानी.

कोण सांगतला? सकाळी गाठोड्यातसून हाताक येयत ते आमी दोघी घालू. मी म्हटलंय, "माझो. माझोच होतो तो." पण माका ठावक नव्हता.

"आजी, फार नाही हे. एक्स-रे काढतात ना, त्याहूनही कमी."

"पोटुशीचो एक्सरे काढतत?"

सायब मशीनवाल्याक म्हणाले, "माती पण घे."

केळ मुळासकट उपटली. मोजे, माती, सगळा जाड पिशव्यांत भरल्यानी. बावीचा पाणी एका बाटलेत, सुनेची लघवी दुसऱ्या बाटलेत. "आम्ही कळवेपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका," सायब म्हणाले. झिलाक वांगडा घेवन गेले.

काम गेला. तो आपले कपडे न्हेवक इलो तेव्हा म्हणालो, "वैऱ्यान केल्यान नसता ता तू केलंस."

मी म्हटलंय, "जेवन जा."

जेवलो नाय. गोव्याक गेलो, रेती काढणाऱ्या होडयेर.

बावीचा पाणी चांगला आसा म्हणान निरोप इलो. तरी शेजारणी आमच्या बावीर येवक नाय. थट्टा करी ती तर वाटेत तोंड फिरवी. सुनेच्या बाटलेत काय मिळाला ता मात्र कोणी कळवूक नाय. आखो पावस आमी तसोच काढलंव. पोर हलला की ती माझो हात धरून पोटार ठेवी. "हलता मा?" "हलता गो." एखाद्या दिवशी हलला नाय तर चूल पेटा नाय.

दसऱ्याच्या आधी चेडू झाला. रडला, दूध पिला. झील इलो तो खळ्यातच उभो रवलो. बायलेन पोर भायर न्हेवन दिल्यान. तेना उजेडात धरून डोक्यापासून पायांपर्यंत बघल्यान, उलटा करून पाठ बघल्यान. माझ्याकडे बघल्यान नाय. दुपारच्याच यस्टीन परत गेलो.

मगे मी पोराक घेवन सरकारी दवाखान्यात गेलंय. डॉक्टर कोवळोच होतो. तेका सगळा सांगलंय, अणू, मोजे, मशीन. तेना निगुतीन तपासल्यान. "बाळ छान आहे, आजी."

"कदीपर्यंत छान?"

तो हसलो. "अशी गॅरंटी कुणाच्याच बाळाची नसते."

माका हसू इला नाय. पोर फडक्यात गुंडाळलंय आणि घराकडे जाणाऱ्या यस्टीच्या थांब्यार जावन उभी रवलंय.